स्थौल्यचिकित्सा : भार, मेद आणि मांस

प्रास्ताविक

स्थौल्याचा रुग्ण चिकित्सालयात येतो तो प्रायः एकच आकडा घेऊन. "डॉक्टर, वजन किती दिवसांत किती किलो उतरेल?" हा त्याचा पहिला प्रश्न असतो. आपणही त्याला वजनकाट्यावर उभे करतो, केसपेपरवर आकडा लिहितो आणि पुढील भेटीत तो आकडा उतरलेला दिसला की चिकित्सा यशस्वी झाली असे मानतो. या गृहीतकातच एक मोठा दोष दडलेला आहे. प्रस्तुत लेखकाला तो स्वतःच्याच एका रुग्णेमुळे उमगला. म्हणून त्या प्रकरणापासूनच आरंभ करणे उचित होईल.

वय वर्षे ४७, उंची १५५ सें.मी., वजन ७४ किलो, कटिवेष्टन म्हणजेच कमरेचा घेर ९६ सें.मी. व्यवसाय शिक्षिकेचा. रजोनिवृत्तीचा काळ, गुडघेदुखी, चढावर श्वास लागणे. मधुमेह नाही, थायरॉइडची तपासणी प्राकृत. यथाविधी विरेचन दिले. पुढे दोन महिने त्रिफळा गुग्गुळ, सकाळ-सायंकाळ मुगाचे कढण, मधोदक व दिवसातून एकच भाकरी असा क्रम ठेवला. व्यायाम म्हणून केवळ "चालत जा" एवढेच सांगितले. दोन महिन्यांत वजन ६५ किलोवर आले. नऊ किलो उतरले! रुग्णा आनंदित, वैद्यही आनंदित. पण तिसऱ्या महिन्यात बाई सांगू लागल्या, "जमिनीवर मांडी घालून बसले तर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. वर्गात उभी राहिले की पिंढऱ्या भरून येतात. केस गळतात." घेर मोजला तो ९३ सें.मी. भरला. नऊ किलो वजन गेले आणि पोट केवळ तीन सें.मी. उतरले. मग गेले ते काय?

काही जलांश गेला, काही मेद गेला आणि बराचसा मांसधातू गेला. रोगाचे नाव मेदोरोग आणि आपण क्षीण केले ते मांस! हा दोष औषधांचा नव्हता. मेद व मांस यांत भेद न करणाऱ्या मापनाचा आणि त्या मापनावर विसंबलेल्या वैद्याचा होता.

ग्रंथोक्त दृष्टिकोन

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या, अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थूलाचे वर्णन केले आहे. त्यातील संप्राप्तीचा मुख्य मुद्दा आपण सर्वांनी पाठ केलेला आहे, पण व्यवहारात तो विसरतो. अतिस्थूलामध्ये मेदाचाच उपचय होतो, इतर धातूंचा त्या प्रमाणात होत नाही. मेदाने स्रोतसांचा मार्ग रोधला गेल्याने वायू कोष्ठात विशेषत्वाने संचार करतो व अग्नीला प्रदीप्त करतो. अन्न लवकर पचते, पुन्हा भूक लागते आणि चक्र चालू राहते. वणव्याने अरण्य जाळावे तसे वायू व अग्नी स्थूल मनुष्याला जाळतात, अशी उपमा तेथे दिली आहे. आठ दोषांत आयुष्याचा ऱ्हास, हालचालीतील मंदपणा, अतिक्षुधा, अतितृष्णा यांच्याबरोबर दौर्बल्यही सांगितले आहे आणि त्याचे कारण धातूंची विषमता हे आहे. बाहेरून पुष्ट दिसणारा मनुष्य आतून दुर्बल असू शकतो, ही गोष्ट आचार्यांना ज्ञात होती. आज यालाच मांसक्षयासहित स्थूलता, 'सार्कोपेनिक ओबेसिटी', असे संबोधले जाते.

त्याच अध्यायात आदर्श पुरुषाचे वर्णन करताना मांसाचे सम प्रमाण, शरीराची सम घडण व इंद्रियांची दृढता हे निकष दिले आहेत. असा मनुष्य क्षुधा, तृष्णा, ऊन, शीत व व्यायाम सहन करू शकतो. येथे भाराचा उल्लेख नाही. निकष आहे तो मांसाच्या प्रमाणाचा व सहनशक्तीचा.

शारीरस्थानाच्या सातव्या अध्यायात शरीरद्रव्यांचे अंजलिप्रमाण आले आहे. उदक दहा अंजली, रस नऊ, रक्त आठ, वसा तीन, मेद दोन, मज्जा एक, आणि हे सर्व ज्याच्या त्याच्या स्वतःच्या अंजलीने. शरीराचे घटक वेगवेगळे मोजावेत आणि ते त्या व्यक्तीच्या आकारमानाशी ताडून पाहावेत, हा विचार त्यात स्पष्ट आहे. आधुनिक शास्त्र ज्याला 'बॉडी कॉम्पोझिशन' म्हणजे शरीरघटना म्हणते त्याचे सूत्र येथे दिसते.

समान वजन, भिन्न शरीर

या विषयातील एक प्रसिद्ध उदाहरण आपल्या पुण्याचेच आहे. २००४ साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही बी.एम.आय. (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २२.३ होता. परंतु डेक्सा तपासणीत युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के आढळला. बी.एम.आय. तोच, मेद दुपटीहून अधिक. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरावरून हे 'वाय-वाय पॅरॅडॉक्स' या नावाने ओळखले जाते.

त्याआधी २००३ साली पुणे परिसरातील खेड्यांत जन्मलेल्या बालकांची तुलना इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांशी प्रसिद्ध झाली होती. पुण्याच्या बालकांचे सरासरी जन्मवजन २.७ किलो, तेथील बालकांचे ३.५ किलो. आपली बालके सर्व मापांत लहान होती. पोट व मांसलता यांत ती विशेष उणी होती, मात्र पाठीवरील त्वचेखालच्या मेदाची जाडी त्या मानाने टिकून होती. कृश दिसणारे परंतु मेदबहुल असे हे शरीर गर्भावस्थेतच घडू लागते. चरकांनी स्थौल्याच्या कारणांत बीजस्वभावाची गणना केली आहे, तिचे स्मरण येथे होते.

म्हणूनच भारतीयांसाठी बी.एम.आय.च्या मर्यादा खाली आणलेल्या आहेत. २००९ च्या भारतीय तज्ज्ञांच्या सहमतीनुसार २३ पासून अतिभार व २५ पासून स्थूलता मानली जाते. कटिवेष्टन पुरुषांत ९० सें.मी. व स्त्रियांत ८० सें.मी. याहून अधिक नसावे. जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेटच्या आंतरराष्ट्रीय आयोगानेही केवळ बी.एम.आय.वरून स्थूलतेचे निदान करू नये, कटिवेष्टनासारखे दुसरे माप किंवा मेदाचे प्रत्यक्ष मापन त्याच्या जोडीला असावे आणि अवयवांच्या कार्यात बिघाड झाला आहे की नाही हे पाहावे, असे प्रतिपादन केले आहे.

वजनकाटा कसा फसवतो?

याची तीन कारणे ध्यानात घ्यावीत.

१) जलांश : यकृत व स्नायूंत साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. आहार एकदम कमी केला की पहिल्या आठवड्यात हा साठा रिता होतो आणि दीड-दोन किलो वजन सहज उतरते. विरेचनानंतर दिसणारी घटही बहुतांशी मल व उदक यांचीच असते. तिला मेदक्षय म्हणणे अयथार्थ आहे.

२) मांस : एक किलो मेद शरीरातून जाण्यासाठी सुमारे ७,७०० किलोकॅलरींची तूट पडावी लागते. मांसधातूत मात्र तीन-चतुर्थांश पाणी असते. एक किलो मांस झिजल्याने शरीराला हजार किलोकॅलरींच्या आसपासच ऊर्जा मिळते. म्हणून मांस झिजू लागले की काटा जलद उतरतो! अत्यल्प आहाराने वजन "झपाट्याने" उतरते त्यामागे हे एक कारण आहे.

३) पुनर्वृद्धी : दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी पुरुषांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून निरीक्षण करण्यात आले. त्यांचे सुमारे एक-चतुर्थांश वजन घटले. पुन्हा पोटभर अन्न मिळू लागल्यावर मेद आधी भरून आला व पूर्वीच्या मर्यादेपलीकडे गेला, मांस मागाहून सावकाश भरले. वारंवार कडक उपवास करून वारंवार वजन वाढवणाऱ्या आपल्या रुग्णांत मेदाचे प्रमाण वाढत का जाते, याचा उलगडा यावरून होतो.

चिकित्सालयात करावयाचे मापन

यासाठी महागड्या यंत्राची आवश्यकता नाही. एक मोजपट्टी, एक खुर्ची व एक घड्याळ पुरेसे आहे.

१) कटिवेष्टन : रुग्णाने पाय जुळवून सरळ उभे राहावे. शेवटच्या बरगडीची खालची कड व कटिफलकाचा वरचा कंगोरा यांच्या मध्यभागी, वस्त्राविना, सहज श्वास सोडल्यावर माप घ्यावे. पट्टी सैल नको, रुतलेलीही नको. दोनदा मोजून सरासरी लिहावी. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा नियम रुग्णाच्याही सहज लक्षात राहतो.

२) पिंडिकावेष्टन : पोटरीचा सर्वांत रुंद भाग मोजावा. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात मांसक्षयाच्या लक्षणांत स्फिक्, ऊरू, वक्ष, ग्रीवा यांच्याबरोबर पिंडिकेची शुष्कता सांगितली आहे. आशियाई सार्कोपेनिया कार्यगटाने २०१९ साली नेमके हेच स्थान निवडले आहे. पुरुषांत ३४ व स्त्रियांत ३३ सें.मी.हून कमी माप भरल्यास मांसक्षयाची शंका घ्यावी. अतिस्थूल व्यक्तीत मेदामुळे हे माप फसवे असू शकते. अशा वेळी पुढील परीक्षा अधिक विश्वसनीय ठरते.

३) उत्थान परीक्षा : हात छातीवर घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा पूर्ण उठणे व बसणे. यास १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागल्यास मांसबल घटले आहे असे समजावे. हातपकड मोजण्याचे साधन असल्यास पुरुषांत २८ किलो व स्त्रियांत १८ किलोहून कमी पकड हेही दौर्बल्याचे लक्षण होय.

४) विद्युत्-यंत्राने मेदाची टक्केवारी : अलीकडे अनेक चिकित्सालयांत व औषधविक्रीच्या दुकानांतही असे काटे आले आहेत. हे यंत्र मेद प्रत्यक्ष मोजत नाही. शरीरातील पाण्यातून विद्युत्-प्रवाह किती सुलभतेने जातो त्यावरून अनुमान करते. म्हणून भोजन, पाणी, स्वेदन, व्यायाम, मासिक पाळी यांनी आकडा बदलतो. विरेचनानंतर लगेच घेतलेला आकडा मुळीच ग्राह्य धरू नये. मोजायचे झाल्यास प्रत्येक वेळी त्याच यंत्रावर, सकाळी, रिकाम्या पोटी मोजावे. पेसमेकर असलेल्या रुग्णाला या यंत्रावर उभे करू नये.

केसपेपरवर वजनाच्या रकान्याशेजारी कटिवेष्टन व उत्थानकाल असे दोन रकाने आखून घ्यावेत. घेर उतरला व उत्थानकाल टिकला किंवा सुधारला तर वजन थोडेच उतरले तरी चिकित्सा योग्य दिशेने चालली आहे. वजन उतरले आणि उत्थानकाल वाढला तर ते अतिलंघन समजावे.

चिकित्सासूत्राचा अर्थ

स्थूलासाठी गुरू आणि अपतर्पण असे अन्न द्यावे, हे चरकांचे सूत्र सर्वश्रुत आहे. गुरू असल्याने प्रदीप्त अग्नी व वायू शांत होतात आणि अपतर्पण असल्याने मेद वाढत नाही. व्यवहारात मात्र आपण यातील "अपतर्पण" तेवढे उचलतो आणि रुग्णाला उपाशी ठेवतो. मग त्याचा तीक्ष्ण अग्नी त्याला स्वस्थ बसू देत नाही. आठ-दहा दिवसांत तो पथ्य मोडतो आणि आपण त्याला अजितेंद्रिय ठरवतो!

गुरू-अपतर्पण अन्नाची उदाहरणे त्याच अध्यायात आहेत : यव, श्यामाक, कोद्रव, मुद्ग, कुलत्थ, आढकी, पटोल, आमलक. आजच्या परिभाषेत पाहिले तर यातील धान्ये तंतुमय आणि शिंबीधान्ये प्रथिनयुक्त आहेत. हे अन्न पोटात दीर्घकाळ राहते, तृप्ती देते व मांसाचे रक्षण करते. गुरू-अपतर्पणाचा हा अर्थ प्रस्तुत लेखकाचा आहे, परंतु तो चिकित्सेत उपयोगी पडतो असा अनुभव आहे.

लंघनाबाबतही एक विस्मृती झाली आहे. चरकांनी सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात लंघनाचे दहा प्रकार सांगितले आहेत. उपवास हा त्यांपैकी केवळ एक, आणि व्यायाम हाही एक. मेदाचा क्षय करीत असतानाच मांसाला दृढ करणारे लंघन व्यायामाखेरीज दुसरे नाही. त्याच अध्यायात अतिलंघनाची लक्षणे आहेत : पर्वभेद, अंगमर्द, मुखशोष, क्षुधानाश, भ्रम आणि देह, अग्नी व बल यांचा नाश. माझी रुग्णा पिंढऱ्या भरून येतात म्हणत होती तेव्हा ही लक्षणे समोरच उभी होती. वजनाच्या आनंदात ती मला दिसली नाहीत.

आहारयोजना

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढास प्रतिकिलो ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज आवश्यक आहेत. वजन उतरवताना मांसरक्षणासाठी योग्य वजनाच्या प्रतिकिलो एक ते १.२ ग्रॅम धरावीत. (वृक्कविकार असलेल्या रुग्णात त्याच्या चिकित्सकाच्या सल्ल्यानेच हे प्रमाण ठरवावे.) १५५ सें.मी. उंचीच्या स्त्रीस योग्य वजन सुमारे ५५ किलो धरल्यास ५५ ते ६५ ग्रॅम प्रथिने लागतील. आपल्या नेहमीच्या ताटातून ती पुढीलप्रमाणे मिळू शकतात (धान्ये व कडधान्ये कच्च्या वजनाने) :

ज्वारीचे पीठ १०० ग्रॅम : सुमारे १० ग्रॅम प्रथिने
मूग, मटकी, कुळीथ, तूरडाळ मिळून ९० ग्रॅम : सुमारे २० ग्रॅम
दूध, दही मिळून ४०० मि.लि. (याच दह्याचे लोणी काढलेले ताक चालेल) : सुमारे १३ ग्रॅम
फुटाणे ३० ग्रॅम : सुमारे ६ ग्रॅम
तांदूळ ५० ग्रॅम : सुमारे ४ ग्रॅम
पालेभाज्या व फळभाज्या ३०० ग्रॅम : सुमारे ६ ग्रॅम

तीन चहाचे चमचे तेल व एक फळ धरून हा आहार सुमारे १,४०० ते १,५०० किलोकॅलरींचा होतो. दोन वेळा पोट भरते, हे महत्त्वाचे. मांसाहारी रुग्णास एका अंड्यातून सहा ते सात ग्रॅम प्रथिने मिळतात. मासे भाजून वा कालवणात घ्यावेत, तळून नकोत.

घरातील तीन गोष्टींची चौकशी अवश्य करावी. पहिली, तेल : एक चहाचा चमचा तेल म्हणजे ४५ किलोकॅलरी. महिन्याला घरात किती तेल येते व किती माणसे जेवतात एवढे विचारले तरी पुरते. दुसरी, चहा : दिवसातून पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे रोज २०० किलोकॅलरी. तिसरी, उपवास! सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी करणारी रुग्णा "मी तर उपाशीच असते" असे सांगते. त्या दिवशी ती साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर्स व रताळ्याच्या गोड फोडी खाते. साबुदाण्यात स्टार्च भरपूर आणि प्रथिने नाममात्र. वर दाण्याचे कूट व तूप. नावाने लंघन असलेला हा दिवस कर्माने संतर्पणाचा ठरतो. श्रद्धेला धक्का न लावता वरी, राजगिरा, ताक, दूध, फळ असा पर्याय सुचवता येतो.

मधोदकाविषयी एक सूचना. मध उष्ण करू नये, उष्ण द्रव्यासह देऊ नये, हे आपले शास्त्र. तरीही घरोघरी गरम पाण्यात मध-लिंबू घेतले जाते. पाणी साधे असावे व मध एक चहाचा चमचा एवढाच असावा. तोही सुमारे वीस किलोकॅलरींचा आहे, म्हणून मधुमेही रुग्णाने तो हिशेबात धरावा.

व्यायाम

स्थौल्य सोडू इच्छिणाऱ्याने जागरण, व्यायाम व चिंतन क्रमाक्रमाने वाढवावे, असे चरक सांगतात. यातील "क्रमाने" हा शब्द महत्त्वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायुबल वाढवणारा व्यायाम आवश्यक आहे. चालणे हा पहिला भाग झाला, दुसरा भाग आपण सांगतच नाही. तालमीतील जोर-बैठका हा आपला जुना बलव्यायाम आहे. गुडघे दुखणाऱ्या स्थूल रुग्णाने खुर्चीवरून उठबस दहा वेळा, भिंतीला हात टेकून जोर दहा वेळा, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, एवढ्यापासून आरंभ करावा. कपाळ, नाक व सांधे यांवर घाम, मुखशोष व तोंडाने श्वास ही अर्धशक्तीची लक्षणे दिसताच थांबावे. हृद्रोग, अनियंत्रित रक्तदाब असल्यास आधी तपासणी करून घ्यावी.

औषधी चिकित्सा व सावधगिरी

त्रिफळा, गुडूची, मुस्ता, विडंग, शुंठी, शिलाजतू, गुग्गुळ, तसेच लेखनबस्ती व रूक्ष उद्वर्तन यांचे स्थान शास्त्रसिद्ध आहे, परंतु ते आहार-व्यायामाच्या साहाय्यकाचे. प्रत्येक दाव्यास प्रमाण हवे. २००३ साली अमेरिकेत १०३ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात गुग्गुळाच्या अर्काने आठ आठवड्यांत एल.डी.एल. उतरले नाही, उलट किंचित वाढले व काहींना त्वचेवर पुरळ उठले. १९९८ साली गार्सिनिया कंबोजिया या कोकमाच्या वर्गातील फळाच्या अर्काची १३५ व्यक्तींत बारा आठवडे परीक्षा झाली, तेव्हा नुसत्या गोळीपेक्षा अधिक लाभ दिसला नाही. अर्क वेगळा, शोधित द्रव्याचा योग वेगळा, हे मान्य. तथापि "आमच्या गुग्गुळाने चरबी वितळते" असे रुग्णाला सांगण्यापूर्वी हे निष्कर्ष आपणास ज्ञात असावेत.

अन्य शास्त्राची औषधे चालू असलेल्या रुग्णात विशेष दक्षता घ्यावी :

१) ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यास उपवास किंवा विरेचन दिल्यास रक्तशर्करा धोकादायक रीतीने उतरू शकते.

२) डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गातील औषधे चालू असताना कडक लंघन केल्यास कीटोॲसिडोसिस होऊ शकतो आणि त्या वेळी साखर फारशी वाढलेली नसल्याने निदान चुकते.

३) मूत्रल औषधे घेणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णात विरेचनाने उदकक्षय व भोवळ संभवते.

४) स्थूलतेसाठीची तिर्झेपाटाइड व सेमाग्लुटाइड ही आठवड्यातून एकदा घ्यावयाची इंजेक्शने २०२५ साली भारतात उपलब्ध झाली. ती घेणाऱ्या रुग्णाची भूक आधीच मंदावलेली असते, उत्क्लेश व वमन असते आणि वजनाबरोबर मांसही घटते. अशा रुग्णास आणखी लंघन देणे म्हणजे क्षीणाला क्षीण करणे होय. त्याला आपल्याकडून हवे आहे ते मांसरक्षण : प्रथिनयुक्त लघु आहार व बलव्यायाम.

या चारही प्रसंगी मूळ चिकित्सकाशी विचारविनिमय केल्यावाचून पंचकर्म आरंभू नये. तसेच कोणताही प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर आनंद मानू नये. आधी कारण शोधावे.

औषधविक्रेत्या व निर्मात्या बंधूंसाठी

१९९०-९२ च्या सुमारास बेल्जियममधील ब्रुसेल्स येथे वजन उतरवण्याच्या एका केंद्रात चिनी वनस्पतीच्या गोळ्या दिल्या गेल्या. त्यात स्टेफॅनियाऐवजी ॲरिस्टोलोकियाची मुळे मिसळली गेली होती. शंभराच्या आसपास स्त्रियांची वृक्के निकामी झाली आणि पुढे अनेकींना मूत्रमार्गाचे कर्करोग झाले. ॲरिस्टोलोकिया कुळातील ईश्वरी ही वनस्पती आपल्या बाजारातही असते. एका पोत्यातील द्रव्याची ओळख न पटवल्याचा परिणाम एवढा दारुण होऊ शकतो.

दुसरा धोका भेसळीचा. सिब्युट्रामिन हे भूक मारणारे रासायनिक औषध हृद्विकाराच्या धोक्यामुळे २०१० साली युरोप-अमेरिकेतून मागे घेण्यात आले व २०११ साली भारतातही त्यावर बंदी आली. पण "शुद्ध वनौषधी" म्हणून विकल्या जाणाऱ्या वजन उतरवण्याच्या चूर्ण-कॅप्सूलांत ते पुढेही वारंवार सापडत आले आहे. "पहिल्याच आठवड्यात भूक नाहीशी, झोप उडते, छातीत धडधडते" असे ग्राहक सांगत असेल तर ते उत्पादन फळीवरून तत्काळ उतरवावे. सोनामुखीयुक्त चूर्णे दीर्घकाळ देणेही अयोग्य. त्यांनी जलांश व पोटॅशियम जाते, मेद जात नाही.

तिसरी गोष्ट कायद्याची. १९५४ च्या औषधी व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या परिशिष्टातील रोगांत स्थूलतेचा समावेश आहे. "एका महिन्यात दहा किलो" असा फलक दुकानावर लावणे हा केवळ अतिशयोक्तीचा प्रश्न राहत नाही. कच्चा माल घेताना वनस्पतीची ओळख व परीक्षणाचा अहवाल मागावा, प्रत्येक घाणीचा नमुना व क्रमांक जपून ठेवावा आणि दुष्परिणाम आढळल्यास आयुष मंत्रालयाच्या औषधदक्षता केंद्रास कळवावे.

उपसंहार

आरंभी वर्णिलेल्या रुग्णेची चिकित्सा नव्याने मांडली. कढणावरचा क्रम थांबवला, वर दिलेला आहार चालू केला, त्रिफळा तेवढा ठेवला, आणि खुर्चीवरील उठबस व भिंतीवरचे जोर आठवड्यातून तीन दिवस सांगितले. उत्थान परीक्षेस तेव्हा १७ सेकंद लागत होते. पहिल्या दोन महिन्यांत वजन दीड किलोने वाढले. बाई नाराज झाल्या, येणे थांबवतील अशी भीती वाटली. तेव्हा मोजपट्टी त्यांच्याच हाती दिली. आठ महिन्यांनी वजन ६४ किलो होते, म्हणजे उपासमारीनंतरच्या वजनाहून केवळ एक किलो कमी. परंतु कटिवेष्टन ८६ सें.मी. व उत्थानकाल १० सेकंद. घेर अद्याप ८० वर यावयाचा आहे, तो मार्ग शिल्लक आहे. मात्र वर्गातील खाली पडलेला खडू उचलून त्या हात न टेकता उठतात, हे त्यांनी स्वतः येऊन सांगितले.

एका रुग्णेवरून सिद्धांत मांडता येत नाही, याची जाणीव आहे. सिद्धांत आचार्यांनी मांडलेलाच आहे, ही रुग्णा केवळ त्याचे स्मरण करून देणारी ठरली. सर्व वैद्यबंधू-भगिनींना विनंती एवढीच की, पुढील स्थूल रुग्ण येईल तेव्हा काट्यावर उभे करण्याआधी त्याला खुर्चीवरून पाच वेळा उठबस करावयास सांगावे व कमरेला मोजपट्टी लावावी. वजन त्यानंतर लिहावे.